बहात्तर, नियमित

कुन्नंपारा इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात औसेप यांचं हृदय गेली चोवीस वर्षं परीक्षेला बसत होतं आणि एकदाही नापास झालं नव्हतं. नापास व्हायचे ते विद्यार्थी.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक खराखुरा रुग्ण ठेवतात. त्याच्याशी बोलायचं, त्याला ठोकून-दाबून बघायचं, छातीला नळी लावायची आणि परीक्षकांना आजार सांगायचा. यासाठी रुग्ण घरंदाज आजाराचा लागतो. ताप वगैरे चालत नाही. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी उतरतो आणि कॉलेजचं नाक कापतो. औसेप यांचा आजार तसा नव्हता. लहानपणी ताप आला, सांधे सुजले, आणि जाताना तो हृदयाची एक झडप अरुंद करून गेला. तेव्हापासून ठोक्याठोक्याला आत एक घरघर व्हायची, वरच्या मजल्यावर कुणी खाट सरकवावी तशी. ही घरघर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून श्वास सोडायला लावला तरच नीट ऐकू येते, आणि विद्यार्थी नेमकं तेच विसरतात. मग औसेप छताकडे बघत समोरच्या पोरीला म्हणायचे, "मोळे, जरा डाव्या कुशीवर वळलो तर चालेल का? पाठ अवघडलीय." जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर त्यांच्या अवघडलेल्या पाठीवर पास झाले होते.

त्याचा त्यांना अभिमान होता. बाजारात मासे घेताना कुणी डॉक्टरीणबाई थोरल्या भावाला हाक मारावी तसं "कसे आहात, चेट्टा?" म्हणाली की ते मासेवाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचे, "आमच्याच हृदयावर शिकलीय."

त्रेस्याला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कौतुक मान्य नव्हतं. "अहो माणसा," ती म्हणायची, "झडप फुगा घालून मोठी करता येते असं तो नवा हृदयाचा डॉक्टर सांगतोय. मांडीतून नळी घालतात. दोन दिवसांत घरी. कधी करून घेणार?"

"आणि एप्रिलात मुलांना काय दाखवू?"

"जीव गेल्यावर काय दाखवाल?"

"तो पोस्टमॉर्टेमचा विषय. ते डिपार्टमेंट वेगळं."

असं सगळं सुरळीत चाललं असताना विद्यापीठाचं परिपत्रक आलं. बदलत्या काळानुसार वैद्यकीय शिक्षण रुग्णकेंद्री करण्यात येत असून, त्यासाठी रुग्णाची आवश्यकता टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं. रुग्णाच्या जागी बोलणारं यंत्र येणार होतं. त्याला लिहून प्रश्न विचारायचा, ते रुग्णासारखं उत्तर देणार.

पहिला मान अर्थातच औसेप यांना मिळाला. प्राचार्य डॉ. नंबीशन यांनी त्यांना स्वतः बोलावून सांगितलं, "चेट्टा, तुमचा आजार आता अमर होणार."

मग अकरा दिवस औसेप एका गार खोलीत बसून यंत्राला आपलं दुखणं सांगत होते. त्यांना ते यंत्र मनापासून आवडलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. चोवीस वर्षांत त्यांना कुणी पुरतं वाक्य बोलू दिलं नव्हतं. हे यंत्र विचारायचं, "जिना चढताना धाप लागते तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचं. औसेप यांनी धाप तर सांगितलीच, शिवाय धाकट्या भावाशी बांधावरून झालेलं भांडण आणि त्रेस्याच्या हातची कंद-माशाची कप्पा-मीन करी पूर्वीसारखी तिखट का लागत नाही, हेही सांगितलं. शेवटी त्यांची नाडी मोजली, घरघर ध्वनिमुद्रित केली, सगळ्यावर विद्यापीठाचा शिक्का बसला आणि औसेप यांनी 'हा मीच आहे' असं लिहून खाली सही केली. नोंदीत लिहिलं होतं : नाडी बहात्तर, नियमित.

आभासी औसेप गुणी निघाला. मुलं त्याच्यावर घरी बसून पन्नास-पन्नास वेळा सराव करू लागली. एकच प्रश्न दहा वेळा विचारला तरी तो चिडत नसे. विद्यार्थ्यानं चुकीचं औषध सुचवलं तर ते का चुकीचं हे समजावून सांगे, तेही अपमान न करता, आणि हे त्या कॉलेजच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. लाजरीबुजरी मुलं बोलायला लागली. औसेप यांनीही एकदा त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि घरी येऊन सांगितलं, "माणूस सज्जन आहे."

महिन्याभरात दुसरं परिपत्रक आलं : यापुढे परीक्षेस देहधारी रुग्णांची गरज नाही.

इथे कॉम्रेड सुगतन यांचा प्रवेश होतो. सुगतन हे परीक्षा-रुग्ण संघाचे सरचिटणीस. त्यांची स्वतःची प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली होती आणि संघटनाही त्याच बेतानं वाढवावी अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या फाटकावर लाल बावटे लागले. दोन यकृतं, तीन थायरॉइड, एक प्लीहा आणि एक हृदय असा मोर्चा निघाला. 'दुखणं आमचं, मार्क यंत्राला, चालणार नाही' अशा घोषणा झाल्या. घोषणा देताना औसेप यांना धाप लागायची, म्हणून त्यांच्याकडे फक्त मूठ वर करण्याचं काम होतं.

वाटाघाटी लवकर आटोपल्या, कारण आमच्याकडे या दुखण्यावर जुना उतारा आहे. लॉरीतला माल यंत्रानं उतरवला तरी शेजारी उभ्या हमालांना बघण्याची मजुरी द्यायची. मराठीत धुणावळ असते, शिवणावळ असते, तशी ही बघणावळ. कायद्यानं ती बंद झाली आहे आणि कायदाही आता शेजारी उभा राहून बघत असतो.

करार झाला. परीक्षेच्या वेळी प्रत्येक यंत्राशेजारी ज्याचं त्याचं मूळ दुखणं खुर्चीत बसेल. त्याला चहा आणि पळंपोरी मिळेल, आणि तो यंत्राची तपासणी बघेल. पळंपोरी म्हणजे केळ्याची भजी. ती गरम असावीत, ही सुगतन यांनी पदरात पाडून घेतलेली खास सवलत. चौथं कलमही त्यांनीच घालून घेतलं होतं : 'निरीक्षक रुग्णाने परीक्षेच्या वेळेत आपला कोणताही अवयव विद्यार्थ्यांच्या उपयोगास देऊ नये. दिल्यास ते काम समजले जाईल.'

परीक्षेला तीन आठवडे असताना औसेप यांच्या छातीत काहीतरी उडायला लागलं. टोपलीतला जिवंत मासा उसळावा तसं. मध्येच दोन उड्या, मग गप्प, मग पुन्हा. जिना चढताना आता चौथीऐवजी दुसऱ्याच पायरीवर थांबावं लागे. त्रेस्यानं त्यांना हाताला धरून बाह्यरुग्ण विभागात नेलं. खिडकीतल्या बाबूनं कार्डाचा नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

"चेट्टा, तुमचं सगळं व्यवस्थित आहे. बहात्तर, नियमित."

"अरे, पण छातीत उडतंय."

"नोंदीत नाही उडत."

"मग नोंद कर की."

"नाही करता येत. परीक्षा होईपर्यंत तुमची नोंद गोठवलीय. पेपर फुटल्यासारखं होईल ना." बाबू वाईट माणूस नव्हता. त्यानं खिडकीतून वाकून हळूच सांगितलं, "परीक्षा झाली की या. तेवढे दिवस उडू देऊ नका."

त्रेस्यानं त्याला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. औसेप मात्र तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐन परीक्षेच्या तोंडावर तमाशा नको." चोवीस वर्षांची शिस्त होती.

परीक्षेच्या दिवशी औसेप पांढरं मुंडू नेसून, केसांना तेल लावून खुर्चीत बसले. शेजारी टेबलावर आभासी औसेप उजळला. समोर आली जसीला. ही दुसऱ्या खेपेला बसलेली मुलगी. पहिल्या खेपेला घाबरून तिनं यकृत डावीकडे सांगितलं होतं. आताही एक एक अक्षर शोधून ती प्रश्न लिहीत होती. यंत्रानं नेहमीच्या सौजन्यानं उत्तरं दिली. धाप लागते. लहानपणी सांधे सुजले होते. शेवटी तिनं नाडी विचारली.

"मिनिटाला बहात्तर, नियमित," यंत्र म्हणालं.

आता खरं तर तिनं ते उतरवून घ्यायचं होतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो. घरी आजोबांची नाडी रोज बघून सवय झालेला तिचा हात औसेप यांच्या मनगटावर गेला.

"मोळे, तिकडे विचार," औसेप पुटपुटले. "मी नुसता बघायला बसलोय."

तिनं हात काढला नाही. घड्याळाकडे बघत पुरा एक मिनिट मोजलं, आणि मग पुन्हा एक.

"चेट्टा, हे कधीपासून?"

"काय?"

"ठोके कसेही पडतायत. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही."

"तीन आठवडे झाले. पण नोंदीत नाही ते. तू आपलं बहात्तर लिही आणि पास हो, मी कुणाला सांगत नाही."

जसीलानं यंत्राकडे वळून लिहिलं, 'तुमच्या शेजारी तुम्हीच बसला आहात. तुमची नाडी अनियमित आहे. काय करू?'

यंत्रानं क्षणाचाही विलंब लावला नाही. "माझी माहिती गेल्या जूनमधली आहे. शेजारच्या गृहस्थांची खरोखर अशी नाडी असेल, तर अरुंद झडपेमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका आहे. कृपया माझ्याशी बोलणं थांबवा आणि त्यांचा ईसीजी ताबडतोब काढा." त्या दिवशी त्या इमारतीत दिलं गेलेलं सगळ्यात शहाणं उत्तर ते होतं. दुर्दैवानं ते उत्तरपत्रिकेत नव्हतं.

जसीलानं पेपरात लिहिलं, 'नाडी पूर्ण अनियमित. रुग्णाला आत्ता दाखल करा.' आणि उठून तेच मोठ्यानं सांगितलं.

डॉ. नंबीशन यांनी चष्मा पुसला. "कुठला रुग्ण?"

"हे, सर."

"ते निरीक्षक आहेत. रुग्ण टेबलावर आहे."

"सर, मी हात लावून बघितलंय."

"हात लावायचा भाग अभ्यासक्रमातून गेल्या वर्षीच काढलाय. नाडीचे शून्य मार्क."

तेवढ्यात दारात बसलेले सुगतन पळंपोरी हातात घेऊन आत आले. "हात लावला? कलम चारचा भंग आहे हा. मनगट हा अवयव आहे. साथी औसेप यांच्याकडून फुकट काम करून घेतलंय."

"कॉम्रेड, त्यांना अर्धांगवायू होऊ शकतो," जसीला म्हणाली.

"होऊ दे. म्हणजे, होऊ नये. पण कामाच्या वेळेत तर मुळीच होऊ नये."

चोवीस वर्षांत प्रथमच प्रशासन आणि संघटना यांचं एकमत झालं. पण ही मुलगी जागची हलेना. औसेप यांना नेल्याशिवाय मी जाणार नाही म्हणाली आणि त्यांचं मनगट धरून जमिनीवर बसली. पुढचे नऊ विद्यार्थी खोळंबले. निरुपायानं तिथेच तिघांची समिती नेमण्यात आली.

समितीनं औसेप यांची नाडी बघितली नाही. कराराप्रमाणे बघता येत नव्हती. समितीनं यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, "मला नाडी नाही. मी फक्त नोंद सांगतो. मी हे पूर्वीही सांगितलं आहे. कृपया त्या गृहस्थांना तपासा." समितीनं 'आभासी रुग्णाने विनय दाखवला' अशी नोंद केली. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन असं आपण म्हणतो. इथे पखाल बिचारी ओरडून सांगत होती की म्हैस तिकडे आहे.

खोलीत सगळे आपापल्या परीनं बरोबर होते आणि मध्ये औसेप घामाघूम होत होते. बाहेर व्हरांड्यात थांबलेल्या त्रेस्याला कुणीतरी ही बातमी दिली. ती आत आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि डॉ. नंबीशन यांना शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या नोंदीत आणि माणसात फरक पडलाय. मग चूक कुणाची?"

"अर्थातच माणसाची. नोंदीवर विद्यापीठाचा शिक्का आहे."

"मग चुकलेला माणूस दुरुस्त करून द्या. तुमची नोंद खोटी पडलीय, सर. उद्या पेपरात आलं तर?"

डॉ. नंबीशन यांचा चेहरा उजळला. अडलेलं घोडं सुटलं. समितीनं एकमतानं ठराव केला : 'श्री. औसेप यांच्यात प्रमाणित नोंदीशी विसंगती आढळल्याने त्यांना तातडीने मूळ नोंदीनुसार पूर्ववत करण्यात यावे.' ज्या इस्पितळात खाटेअभावी दोन रुग्ण एका गादीवर झोपत, तिथे बारा मिनिटांत खाट मिळाली. दुखण्याला मिळाली नसती, विसंगतीला मिळाली.

नव्या हृदयाच्या डॉक्टरानं रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं. आत गुठळी नाही याची खात्री करून घेतली, मग भूल देऊन विजेचा एक हलका झटका दिला. मासा गप्प झाला. ठोके पुन्हा ओळीनं पडू लागले. त्रेस्या भिंतीला टेकून पहिल्यांदा रडली, आणि कुणी बघायच्या आत डोळे पुसून तिनं नर्सला कांजी का थंड आहे म्हणून झापलं.

"पण हे टिकणार नाही," डॉक्टर म्हणाला. "झडप मोठी केल्याशिवाय पुन्हा बिघडेल. आत्ताच फुगा घालून टाकू."

डॉ. नंबीशन धावतच आले. "खबरदार. नोंदीत झडप अरुंद आहे. त्यांना नोंदीइतकंच बरं करायचंय, जास्त नाही. घरघर गेली तर ते औसेप राहणार नाहीत."

सगळ्यांनी औसेप यांच्याकडे बघितलं. त्या घरघरीवर किती मुलं डॉक्टर झाली हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती घरघर नसती तर त्यांना जगात कुणी विचारलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"सर," ते म्हणाले, "माझी घरघर त्या सज्जन माणसाकडे आहे ना, जशीच्या तशी?"

"अगदी शिक्क्यासकट."

"मग पोरांची सोय झाली. चोवीस वर्षं मी ती सांभाळली, आता त्यानं सांभाळावी. माझी काढून टाका. मला जिना चढायचाय."

फुगा घातला. झडप उघडली. औसेप यांनी 'मी यापुढे औसेप नाही' असं प्रतिज्ञापत्र दिलं आणि तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेले. वर काही काम नव्हतं, म्हणून खाली आले आणि पुन्हा चढले. आजार उरला नाही म्हणून संघानं त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. सुगतन यांनी निरोपाच्या भाषणात त्यांना 'वर्गबंधू होते' असं म्हटलं आणि त्यांच्या वाटणीची भजी खाल्ली.

जसीलाचं शून्य मात्र कायम राहिलं. तिनं अर्ज केला तेव्हा तिला कळवण्यात आलं की रुग्णाची नाडी नोंदीत नियमित होती आणि आता प्रत्यक्षातही नियमित आहे. ती अनियमित असल्याचा कागद कुठेही उपलब्ध नाही. सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली. शेजारच्या खुर्चीकडे न बघता तिनं दोन मिनिटांत लिहिलं, 'बहात्तर, नियमित', आणि पहिल्या वर्गात पास झाली.

आता ती त्याच इस्पितळात डॉक्टर आहे. पडद्यावर दिसतं ते ती इमानदारीनं उतरवते. आणि ते करताना तिचा डावा हात टेबलाखालून रुग्णाचं मनगट धरून असतो. सरकारी कचेरीत टेबलाखालून बरंच काही चालतं हे लोकांना माहीत आहे, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. तिच्या खोलीपुढची रांग सगळ्यात लांब असते.

ही हकिगत पुढे वर्तमानपत्रात आलीच. आमच्याकडे सकाळचा चहा पेपराशिवाय घशाखाली उतरत नाही. चहाच्या टपरीवर ती मोठ्यानं वाचली गेली आणि सात जण समितीला पोट धरून हसले. औसेप कोपऱ्यात पुट्टू-कडला खात होते. त्यांनी मान वर केली.

"हसा, पण मला एक सांगा. तुमच्या प्रत्येकाची नाडी आत्ता किती आहे?"

सातही जणांनी खिशातून फोन काढले.

आणि तुम्ही, इथवर वाचत हसत आलात, तुमचा एक हात मोकळाच असेल. दोन बोटं कुठे ठेवायची ते माहीत आहे ना? की विचारून सांगता?